बॅटऱ्या फोडायचे त्या कोपऱ्यात आई मेथी लावते, काय करू?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमचं वावर जळगाव तालुक्यात, दोन एकर बागायत, काळी जमीन, ठिबक केलेलं. बांधाला लागून एकानं पत्र्याचं शेड टाकलं होतं, तिथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. आठ-नऊ वर्षं चाललं, रात्रीचा धूर यायचा, बोलायला गेलो की तो माणूस चहा पाजून परत पाठवायचा. तीन वर्षं झाली शेड उठलं. आता शेडला खेटून जो आपला कोपरा आहे, गुंठा-दीड गुंठा असेल, तिथं आई मेथी, पालक, कोथिंबीर लावते कारण विहीर जवळ पडते आणि तिच्या मते तिथली माती "हलकी झालीय, खुरपायला सोपी". तीच भाजी आमच्या ताटात, माझ्या दोन पोरांच्या ताटात. बाकीच्या वावरात भरताची वांगी आणि थोडी केळी.

परवा एक व्हिडिओ पाहिला, दूषित जमिनीतले जड धातू पिकात कसे उतरतात त्याचा. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. व्हिडिओवाला म्हणतो चुना टाका, धातू मातीतच अडकून बसतात. चुना टाकू का? की शेती सोडून प्लॉट पाडू? (हे बायको म्हणते.)

केयीवाला
चुना?? आपल्या काळ्या वावरात? भाऊ ते व्हिडिओ कोकणातल्या नाहीतर परदेशातल्या आंबट जमिनीचे असतात. आपल्या जमिनीत आधीच चुनखडी भरलीय, सामू (पीएच) आठच्या आसपास. मले तर केयी (केळी) पिवळी पडते म्हणून फेरस, म्हणजे लोहाचं खत, मारावं लागते दरवर्षी. चुना टाकून अजून काय करणार, भिंत रंगवणार?

भरीतप्रेमी
प्रश्न गंभीर आहे पण "भरताची वांगी" वाचून माझं लक्ष पुढे गेलंच नाही. पार्टी कधी?

मातीमास्तर
केयीवाल्यांचं बरोबर आहे, पण थोडं समजावून सांगतो, चौतीस वर्षं रसायन शिकवलंय, सवय जात नाही.

शिसं, कॅडमियम, जस्त हे मातीत धन भाराचे कण म्हणून असतात. मातीचा सामू कमी, म्हणजे जमीन आंबट असली, की ते पाण्यात सुटतात आणि मुळं ते घेतात. सामू वाढला की मातीला चिकटतात. म्हणून आंबट जमिनीत चुना हा पहिला उपाय. आपली काळी माती म्हणजे बारीक चिकणमाती, उन्हाळ्यात भेगा पडतात तीच, ती धातू धरून ठेवायला मुळातच चांगली. त्यात चुनखडी, म्हणजे शिसं बरंचसं कार्बोनेट होऊन बसतं. निसर्गानं तुमचं अर्धं काम केलेलं आहे.

मात्र हा नियम सगळ्यांना लागू नाही. आर्सेनिक उलटा वागतो. तो ऋण भाराचा, सामू चढला की जास्त सुटतो. म्हणून "चुना टाका, सगळं लॉक" हे सरसकट सांगणं चूक.

तापीकाठी
मास्तर, मग वीज केंद्राची राख? आमच्याकडे भुसावळकडून विटांसाठी राख येते, काही लोक वावरातही टाकतात, माती भुसभुशीत होते म्हणतात.

मातीमास्तर
राखेचा सामू सहसा चढा असतो आणि तिच्यात आर्सेनिक, बोरॉन, सेलेनियम थोडं थोडं असतं, कोळशाप्रमाणे कमीजास्त. विटांत घाला की, पक्की बसते. खायच्या पिकाच्या वावरात तपासल्याशिवाय ट्रॉलीनं ओतू नये असं माझं मत.

भोधुळेकर
आरे भो, ते चुनाबिना ऱ्हाऊ दे, पयले माटी तपासी ले. आन पोऱ्यासोऱ्यासले तठे खेळू देऊ नको.

पुण्यातली खान्देशी
भोधुळेकर +१. तेही असं आहिराणीत सांगितलं की लगेच पटतं, नाहीतर पुण्यात कोणी काही सांगितलं की वाद घालावासा वाटतो :)

माझ्या वाचनात आलंय की मोहरी आणि सूर्यफूल मातीतले धातू शोषून घेतात. दोन-तीन हंगाम मोहरी लावायची, उपटून टाकायची, जमीन साफ. असं नाही का करता येणार?

लॅबताई
मी माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून दोन गोष्टी.

पहिली, मोहरीबद्दल. मोहरी कॅडमियम, जस्त बऱ्यापैकी उचलते हे खरं. शिसं मात्र मातीला इतकं घट्ट धरून असतं की मोहरीसुद्धा ते मुळाच्या वर फारसं नेत नाही. प्रयोगात लोक मातीत ईडीटीए नावाचं, धातू सोडवणारं रसायन घालतात, मग शिसं सुटतं आणि पाल्यात चढतं. पण सुटलेलं शिसं सगळं पाल्यातच जाईल असं थोडंच आहे? खाली विहिरीकडेही जातं. गिरणाकाठ यांची विहीर तर शेजारीच आहे. आणि उपटलेली मोहरी टाकणार कुठे? म्हशीला घातली तर दुधात, जाळली तर राखेत आणि धुरात. धातू नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. आणि दोन-तीन हंगामांत तर नाहीच, अशा कामाला कित्येक वर्षं जातात.

दुसरी, तपासणीबद्दल. मृदा आरोग्य पत्रिकेवर विसंबू नका. २०१५ ला सुरू झालेल्या त्या पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं नाही, कॅडमियम नाही. त्यात सगळं हिरवं दिसलं म्हणून माती शुद्ध असं नसतं. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या लॅबमध्ये वेगळं सांगून जड धातू करून घ्यावे लागतात. एकूण किती आणि झाडाला मिळण्याजोगं किती, दोन्ही विचारा. मिळण्याजोगं काढायला डीटीपीए नावाचं द्रावण वापरतात, जस्तासाठी वापरतात तेच.

आणि नमुना. खतासाठी आपण आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून चतकोर पद्धतीनं अर्धा किलो काढतो ना, तसं इथे करू नका. शेडजवळची माती चांगल्या मातीत मिसळली की आकडा पातळ होतो आणि तुम्ही खूश होता. कोपऱ्याचा नमुना वेगळा, मधला वेगळा, लांबचा वेगळा. पत्र्याची गॅल्व्हनाइज्ड बादली, घमेलं नको, तिचंच जस्त नमुन्यात उतरतं. प्लॅस्टिकची बादली, लाकडी नाहीतर प्लॅस्टिकचं खुरपं.

गिरणाकाठ
ताई, फार आभार. हे चतकोरचं मला माहीतच नव्हतं, मी तेच करणार होतो.

सखाराम बिनधास्त
मंडळी उगाच घाबरवताय एका माणसाला. आमचे आजोबा नाल्याच्या पाण्यावर पालक पिकवायचे, अख्खं शहर तो पालक खायचं, नव्वद वर्षं जगले. शेतकऱ्याला आधीच भाव नाही, आता धातू पण त्याच्याच डोक्यावर?

वैद्यबुवा
सखारामभाऊ, आजोबा जगले याचा आनंदच आहे. पण शिसं माणूस मारून दाखवत नाही, म्हणून तर फसायला होतं. लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, शिकण्यावर, लक्ष लागण्यावर, आणि शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे असं कोणी सांगू शकलेलं नाही. कॅडमियम किडनीत साठतं आणि एकदा गेलं की अर्धं बाहेर पडायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. आजोबांच्या वयाचा दाखला इथे चालत नाही.

गिरणाकाठ, तुम्हाला भाजीची काळजी आहे पण मला पोरांच्या हातांची जास्त आहे. शिशाच्या बाबतीत मुळातून भाजीत येतं त्यापेक्षा धूळ आणि माती तोंडात जाऊन जास्त येतं. पोरं त्या कोपऱ्यात खेळतात का? आई तिथून आल्यावर चपला कुठे काढते? दोघांच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर कुठून येतंय ते शोधून बंद करा असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०२१ पासूनचं म्हणणं आहे. आणि ताटात दूध, दही, हिरव्या भाज्या, शेंगदाणा-गूळ असू द्या, कॅल्शियम आणि लोह कमी असलेलं पोर शिसं जास्त ओढून घेतं.

सखाराम बिनधास्त
हिरव्या भाज्या द्या म्हणता, आणि हिरवी भाजी खाऊ नका म्हणता. डॉक्टर लोकांचं हे असंच.

वैद्यबुवा
दुसऱ्या वावरातली हो!

तापीकाठी
इथे कुणीतरी पीक बदलाचं सांगा ना, मूळ प्रश्न तोच होता. माझ्या ऐकण्यात पालेभाजी सगळ्यात वाईट, मग कंद, मग फळभाजी.

लॅबताई
ढोबळमानानं बरोबर. पालक, मेथी, लाल माठ, कोशिंबिरीचा पाला यांत कॅडमियम चढतं, आणि पानावर धूळ बसते ती वेगळी. मुळा, गाजर, रताळं यांच्या सालीला शिसं चिकटतं, सोललं तर बरंच जातं. टोमॅटो, भेंडी, दुधी, गवार, चवळीच्या शेंगा यांच्या फळापर्यंत त्या मानानं कमी पोचतं. पालेभाजीसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, मर्यादा किलोला कॅडमियम ०.२ आणि शिसं ०.३ मिलिग्रॅम आहे, कल्पना यावी म्हणून सांगते. शेंगदाणा, सूर्यफूल आणि जवस मात्र सावधपणे. त्यांचे दाणे कॅडमियम साठवण्यात पुढे असतात.

केयीवाला
शेंगदाणा पण गेला? मग खान्देशी माणसानं खायचं काय, ठेच्यात दगड घालायचे?

भरीतप्रेमी
वांग्याबद्दल कोणी बोलेना. मुद्दाम टाळताय का? वांगं फळभाजी ना? वाचलं ना?

मातीमास्तर
वांग्याची गंमत आहे. फळभाज्यांत वांगं कॅडमियम जरा जास्तच ओढतं. जपानमध्ये यावर काम झालंय, २००८ चा शोधनिबंध आहे. त्यांनी वांग्याचं कलम रानवांग्याच्या खुंटावर केलं. रानवांग्याचं मूळ कॅडमियम खालीच अडवून ठेवतं, खोडात वर जाऊ देत नाही. फळातलं कॅडमियम निम्म्याहून कमी झालं. वांगं तेच, चव तीच, फक्त पाय दुसऱ्याचे. आपल्याकडे कलमी वांगी मर रोगासाठी करतात, हा फायदा वरकड.

जपानला याची धास्ती का, तेही सांगतो. तिथं तोयामा भागात जिंझू नदीत वरच्या खाणीतलं कॅडमियम यायचं, त्याच पाण्यावर भात. बायकांची हाडं ठिसूळ होऊन नुसत्या खोकल्यानं मोडायची. रोगाचं नाव "इताई-इताई", म्हणजे दुखतंय-दुखतंय. १९६८ मध्ये सरकारनं मान्य केलं की कारण कॅडमियम. मग शेतांची दूषित माती खाली गाडून वर चांगली माती घालण्याचं काम १९७९ ला सुरू झालं ते २०१२ पर्यंत चाललं. तेहतीस वर्षं!

पुण्यातली खान्देशी
बापरे. "दुखतंय-दुखतंय" हे वाचून पोटात कालवलं.

भरीतप्रेमी
रानवांग्याचे पाय लावलेलं भरीत. मान्य आहे. शिवाय वांगं पऱ्हाट्यांवर भाजून साल काढूनच खातो आपण, म्हणजे धूळ सालीबरोबर गेली. आपले पूर्वज काय शास्त्रज्ञ होते!

वैद्यबुवा
पूर्वजांना साल कडू लागायची म्हणून काढायचे.

शिरपूरचा भाचा
खतातून पण येतं का हे? माझे मामा म्हणतात डीएपीत कॅडमियम असतं.

लॅबताई
असतं, किती ते फॉस्फेटचा खडक कुठल्या खाणीचा त्यावर. युरोपात जुलै २०२२ पासून किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय. आपल्याकडच्या शहरी कंपोस्टलाही खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत, किलोला कॅडमियम ५, शिसं १०० मिलिग्रॅम. म्हणून कचऱ्याचं कंपोस्ट फुकट मिळालं तरी कागद मागा. शेणखत, गांडूळखत घरचं असेल तर बिनधास्त टाका, सेंद्रिय कर्ब धातू धरतो.

गंमत म्हणजे शिसं असलेल्या जमिनीत स्फुरद उलट मदत करतं, शिशाबरोबर न विरघळणारा खडा बनवतं. पण आर्सेनिक असेल तर तेच स्फुरद त्याला मोकळं करतं. म्हणून आधी अहवाल, मग पोतं.

केयीवाला
आणि पोटॅश? आमच्या केयीले म्युरेट पोत्यांनी जाते.

लॅबताई
म्युरेट म्हणजे क्लोराइड. क्लोराइड कॅडमियमला धरून पाण्यात फिरवतं, झाडाला ते घेणं सोपं जातं. कॅडमियमवाल्या वावरात झीरो-झीरो-फिफ्टी, म्हणजे सल्फेटवालं पोटॅश, बरं, महाग आहे पण गंधकही मिळतं. आणि जस्त कमी असेल तर एकरी दहा किलो झिंक सल्फेट. आपल्या चुनखडीच्या जमिनीत जस्ताची कमतरता असतेच, आणि जस्त-कॅडमियम भाऊ-भाऊ, एकाच दारातून मुळात शिरतात. जस्त दारात उभं असलं की कॅडमियमला आत घुसायला मिळत नाही.

सखाराम बिनधास्त
एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसं. हे मला पण कळलं. बोला अजून.

मातीमास्तर
गिरणाकाठ, एक गोष्ट राहिली, आणि मी वर जे छातीठोक लिहिलं त्याला छेद देणारी आहे. बॅटरीत नुसतं शिसं नसतं, तेजाब असतं. गंधकाचं आम्ल. ते लोक बॅटरी फोडताना तेजाब कुठे ओतायचे? आठ-नऊ वर्षं एकाच कोपऱ्यात ओतलं असेल तर तिथली चुनखडी खाऊन टाकली असेल. मग तिथं आपला "काळी माती, सामू आठ" हा हिशेब चालणार नाही.

घरच्या घरी पाहता येतं. कोपऱ्यातली चमचाभर वाळलेली माती बशीत घ्या, वरून व्हिनेगर ओता. वावराच्या दुसऱ्या टोकाची माती दुसऱ्या बशीत. चुनखडी असेल तर फसफसेल. नाही फसफसलं तर मला कळवा. आईची "माती हलकी झाली" ही गोष्ट मला तेव्हापासून टोचतेय.

भोधुळेकर
मास्तर लई भारी. आमना गावना मास्तर फक्त छडी फसफसाडे.

गिरणाकाठ
(अठरा दिवसांनी)
मंडळी, उशीर झाला. सगळं एकदम सांगतो.

बशीचा प्रयोग त्याच रात्री केला. लांबच्या टोकाची माती अशी फसफसली की धाकटा टाळ्या पिटायला लागला. कोपऱ्यातली माती नुसती भिजली. एक बुडबुडा नाही. आई बघत उभी होती, काही बोलली नाही, बशी उचलून धुवायला नेली, मी म्हटलं ती आता फेकूनच दे.

मग लॅबताईंनी सांगितलं तसे चार नमुने दिले. लांबच्या टोकाचा सामू ८.२, कोपऱ्याचा ५.४. शिसं कोपऱ्यात भरमसाट, वीस पावलं आत आलं की झपाट्यानं कमी, लांबच्या टोकाला नेहमीच्या जमिनीसारखं. कॅडमियम कुठेच काळजी करण्याजोगं नाही. विहिरीचं पाणी ठीक निघालं. पोरांचं रक्त तपासलं, मोठ्याचं कमी आहे, धाकट्याचं ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले औषध नको, माती बंद करा, दोन-तीन महिन्यांनी परत बघू. धाकटाच आजीच्या मागे मागे त्या कोपऱ्यात असायचा.

वैद्यबुवा
डॉक्टरांचा सल्ला बरोबर. घाबरू नका, वेळेत कळलं. घरात ओलं पुसा, केरसुणीनं धूळ उडवू नका. वावरातल्या चपला ओट्याखालीच.

मातीमास्तर
५.४! काळ्या मातीत! म्हणजे त्या गुंठ्यापुरता व्हिडिओवाला बरोबर होता आणि आपण सगळे चूक, मी धरून. तिथं चुना टाकाच. पण चुना टाकून मेथी लावायची नाही हं. चुन्यानं शिसं खाली, विहिरीकडे जाणं कमी होईल. धूळ तशीच राहते.

केयीवाला
मी पण शब्द मागे घेतो. भिंत रंगवा आता.

तापीकाठी
ती वरची माती खरवडून काढून टाकली तर?

लॅबताई
टाकणार कुठे? नाल्यात टाकली तर दुसऱ्याच्या वावरात गेली, आणि उचलताना धूळ उडते ती वेगळी. एवढ्या जागेला चुना आणि शेणखत मिसळून, ओलं करून, वर हातभर बाहेरची चांगली माती आणि त्यावर गवत. शेळ्या-म्हशी सोडू नका तिथं. आधीच्या भाजीचे देठ-पाला गुरांना घालत होता का?

गिरणाकाठ
घालत होतो ताई. म्हशीचं आता गुरांच्या डॉक्टरांना विचारतो.

ठरलं ते असं. कोपऱ्याला तारेचं कुंपण, चुना, वर माती, बांधाला बांबू. बाकी वावरात वांगी आहे तशी, मल्चिंग पेपर टाकणार म्हणजे पावसात माती उडून फळाला लागणार नाही. आईसाठी घराजवळ विटांचे दोन गादीवाफे, त्यात लांबच्या टोकाची माती आणि घरचं शेणखत, खाली जुनं ठिबकाचं नळीकाम. ती दोन दिवस रुसली होती. काल स्वतः व्हिनेगरची बाटली घेऊन गादीवाफ्यात ओतत होती, फसफसतंय का बघायला. म्हटलं आई, सगळी बाटली नको ओतू, मेथी उगवणार नाही.

भरीतप्रेमी
आईंना नमस्कार सांगा. आणि मी वांग्याच्या बाबतीत अजून आशा सोडलेली नाही.

गिरणाकाठ
पौष लागला की या. कळण्याच्या भाकरी आमच्याकडून, पऱ्हाट्या तुम्ही आणा. मास्तर, तुम्ही बशी आणा.